भुशाची भिंत

अकरा वाजायच्या आत तिसरा चहा पुढ्यात आला, तेव्हा आत्यानं ओळखलं की आज या घराचं आपल्यावाचून अडलेलं आहे. एरवी ती भावाकडे आली की "चहा घेणार का?" असं विचारलं जाई, आणि त्यातल्या "का"वर एवढा जोर असे की शहाण्या माणसानं नको म्हणावं. आज कुणी विचारतच नव्हतं. थेट कप.

पहिला वहिनीनं आणला. "वन्सं, किती वाळलात हो तुम्ही!" असं म्हणत. आत्या गेल्या दोन महिन्यांत कंबरेला दोन इंच वाढली होती आणि हे तिला टेप लावून माहीत होतं. जन्मभर शिवणकाम केलेल्या बाईला असल्या थापा मारून उपयोग नसतो. पण तिनं कप घेतला. चहा आणि थाप, दोन्ही गरम आहेत तोवर घ्यावं, असं तिचं मत होतं.

"वखारीचं काय ते आज एकदाचं मिटवा," वहिनी म्हणाली. "कसंही मिटवा. फक्त माझी दोन्ही पोरं उद्या एकमेकांशी बोलत असली पाहिजेत."

"म्हणजे कसंही नाही," आत्या म्हणाली.

दुसरा चहा थोरल्या भाच्यानं आणला. लहानपणी तो बहिणीकडून गोट्या जिंकायचा आणि त्याच तिला परत विकायचा, तेव्हापासून त्याचं नाव शेठ पडलं होतं. आता त्याचं मोठ्या रस्त्यावर प्लायवूड आणि लॅमिनेटचं दुकान होतं, त्यामुळे नाव बदलायची गरज उरली नव्हती. त्याला वखार गोदाम म्हणून हवी होती. माल ठेवायला जागा नाही, माळ्यावर रचलेले तक्ते एक दिवस गिऱ्हाइकाच्या डोक्यात पडतील, वगैरे वगैरे.

तिसरा चहा आणला तो धाकट्या भाचीनं, अर्धा बशीत सांडून. तिला सगळे खारूताई म्हणत. लहानपणी ती शेंगांची टरफलं, बिया, साली, जे मिळेल ते फ्रॉकच्या खिशात साठवायची. एकोणतिसाव्या वर्षीही फरक एवढाच पडला होता की आता ती ते ट्रॅक्टर भरून आणत असे. या घडीला तिच्या वेणीत भाताचं तूस अडकलेलं होतं.

"आत्या, मी काही मागायला आलेली नाही."

"मग चहा परत ने."

खारूताई हसली आणि तिच्या पायाशी बसली. "बरं, मागायलाच आलेय."

वखार मूळची आत्याच्या वडलांची. त्यांनी जाताना ती मुलगा आणि मुलगी दोघांच्या नावे निम्मी-निम्मी केली. भावानं, म्हणजे दादानं, तिथं ओंडके चिरले, गावभरची दारं-खिडक्या केल्या, आणि लोक त्याला मिस्तरी म्हणून ओळखू लागले. आत्यानं तिथं कधी पायरीपलीकडे फारसा पाय टाकला नाही. पण आठ महिन्यांपूर्वी दादाच्या डाव्या गुडघ्यानं संप केला, मोठी करवत बंद झाली, आणि सगळ्यांना एकदम आठवलं की आत्याची सही लागते.

मागच्या अंगाला दोन वर्षांपासून खारूताईचा पसारा होता. पीक निघालं की शेतात उरतं ते काड लोक पेटवून देतात. ही ते पेटवायच्या आधी जाऊन मागून आणायची. गव्हाच्या काडाचे दाबून तक्ते करायची, भाताच्या तुसाच्या फरशा पाडायची, कांद्याच्या सालींचा रंग काढायची, दाणे काढून टाकलेली मक्याची कणसं चकत्या करून नक्षीसारखी भिंतीत बसवायची. "हिच्या डोक्यात भुसा भरलाय" असं तिला लहानपणी म्हणणाऱ्या मास्तरांना आपण द्रष्टे होतो याची कल्पना नसावी.

जेवताना विषय निघू नये म्हणून वहिनीनं सगळ्यांना दोन-दोनदा वाढलं. तोंडं भरलेली असली की भांडण होत नाही, हा तिचा सिद्धांत. पण शेठला भरल्या तोंडानंही बोलता येत असे.

"आत्या, तू फक्त एवढं सांग. लाकडाच्या वखारीत गवत शोभतं का?"

"गवत नाही, काड," खारूताई म्हणाली.

"बैलाला विचार, त्याला फरक कळतो का."

"बैलाला कळतो. शेठला कळत नाही."

"दादा, तुझं काय म्हणणं?" आत्यानं भावाला विचारलं.

दादा बराच वेळ घास चावत राहिला. सागाबद्दल बोलायचं असलं की तो आधी तोंड रिकामं करत असे. "लाकूड म्हणजे लाकूड. त्याला रेषा असते, जात असते. बोटानं ठोकलं तर उत्तर देतं. हिच्या फळीला ठोकलं की ती नुसतं 'हं' म्हणते. नव्या जावयासारखं."

"बाबा, एकदा तरी कापून बघा. वर्षभर म्हणतेय मी."

"माझी करवत गवताला लागणार नाही."

"काडाला," आत्या म्हणाली, आणि खारूताईला ठसका लागला.

शेवटी जे ठरलं ते असं. गावातल्या वाचनालयात मुलांसाठी वाचनाची नवी खोली बांधून झाली होती. रंगाच्या वासानं पोरं खोकतात म्हणून ग्रंथपालबाईंना भिंतींना दुसरं काहीतरी हवं होतं. वखारीत खारूताईनं नमुन्याची एक अख्खी भिंत उभी केली होती, काडाच्या तक्त्यांची, वर माती आणि बारीक चिरलेल्या काडाचा गिलावा. ती बघायला बाई आज चार वाजता येणार होत्या. त्यांना पसंत पडली तर वखार खारूताईची. नाही पडली तर उद्या सकाळी शेठचे तक्ते आत.

"म्हणजे निकाल परक्या बाईनं द्यायचा आणि सही मी करायची," आत्या म्हणाली.

"तुला सोपंच झालं ना," दादा म्हणाला.

खारूताईनं मान डोलावली, पण तिनं ताटातलं अर्धं तसंच ठेवलं, हे आत्यानं पाहिलं.

अडीच वाजता सगळी वरात वखारीत पोचली. भिंत ताडपत्रीखाली झाकलेली होती. उन्हानं एकदम वाळून तडे जाऊ नयेत म्हणून खारूताईनं ती झाकली होती आणि मग आठ दिवस ती गावोगाव हिंडत होती, लोकांना "पेटवू नका, मला द्या" असं विनवत. काल तिन्हीसांजेला परतली तरी तिनं ताडपत्री उचलली नव्हती. सगळ्यांसमोर उघडायची, अशी तिची हौस.

"तयार?" तिनं विचारलं आणि दोरी सोडली.

ताडपत्री खाली आली.

भिंतीला कोंब फुटले होते. एक नव्हे, दोन नव्हे. वरपासून खालपर्यंत, बोट-बोटभर लांबीचे, पांढरट हिरवे, शेकड्यांनी. कांद्याच्या सालीचा तो सुरेख तांबूस रंग, त्यात मक्याच्या चकत्यांची ओळ, आणि त्या सगळ्यावर नुकत्याच मिसरूड फुटलेल्या मुलाच्या ओठावर असते तशी कोवळी लव.

पहिल्यांदा वाचा फुटली ती शेठला. "हिला भिंत बांधायला सांगितली होती. हिनं पेरली!"

वहिनीनं पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय हे कळेना. शेठला मात्र आता थांबवणं शक्य नव्हतं. "कापणी कधी आहे? मजूर लागतील का? आत्या, तुझ्या हिश्शाचा गहू तू घेऊन जा हं."

खारूताई पुढं झाली आणि तिनं तळवा भिंतीवर ठेवला. "ओली आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "ओली कशी? खडखडीत वाळायला हवी होती." तिनं वर छपराकडे पाहिलं. पावसाचं तर कित्येक दिवसांत नाव नव्हतं. "दाणे राहिले असतील काडात, ती माझी चूक. शेवटचा ढीग मी चाळला नाही, घाईत तसाच घेतला. पण पाण्याशिवाय दाणा उगवत नाही. पाणी कुठून आलं?"

आत्या भिंतीकडे बघतच नव्हती. ती भावाकडे बघत होती. असली सोन्यासारखी संधी दादानं वाया घालवली, हे तिच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. "भिंत पेरली" हे वाक्य खरं तर त्याचं होतं. ते मुलाला बोलू देऊन तो छपराच्या वाशांची मोजदाद करत उभा होता.

मग आत्यानं जमिनीकडे पाहिलं. भिंतीच्या कडेनं ओलसर मातीत चपलांचे ठसे होते. येतानाचे, जातानाचे, एकावर एक. उजवा पाय नीट उमटलेला, डावा प्रत्येक वेळी थोडा फरपटलेला. दादाच्या विजारीच्या डाव्या पायाची शिवण आतून झिजलेली असते, हे तिला गेले आठ महिने माहीत होतं. ती दुरुस्त करायला तिच्याकडेच येत असे.

"दादा, गुडघा कसा आहे?"

"बराय."

"डावाच ना रे तो?"

"आत्ता कुठं गुडघ्याचं काढलंस?"

"मी नाही काढलं. जमीन सांगतेय."

सगळ्यांनी खाली पाहिलं. मग सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादानं आधी खांदे उडवले, मग घसा साफ केला, आणि मग एकदम चिडला. पकडला गेला की तो असाच चिडे.

"मग काय करायचं होतं? नवा गिलावा! पाणी नको मारायला? ही गेली गाव हिंडायला, कुणाला काही सांगून गेली नाही. गिलाव्याला आठ दिवस पाणी मारतात हे शेंबड्या पोराला कळतं!"

"ते सिमेंटच्या, बाबा. ही माती आहे. मातीला वाळू द्यायचं असतं."

"मला काय माहीत!"

"रोज मारलंत?"

"सकाळी फक्त."

"आणि संध्याकाळी," वहिनी म्हणाली. "मला म्हणायचे, पाय मोकळे करून येतो. मी म्हटलं, पाय मोकळे करायला बादली कशाला लागते?"

"दुपारी पण एकदा," दादा पुटपुटला. "ऊन फार होतं. ताडपत्रीची कड उचलून नुसतं आत शिंपडायचो, बघितलं नाही कधी."

खारूताई पालथ्या घातलेल्या डब्यावर बसली. दोन वर्षं ती या मागच्या अंगात राबत होती आणि दोन वर्षं बाप तिकडे मान वळवून बघत नव्हता, निदान ती बघत असताना. आणि आता कळत होतं की दुखरा गुडघा घेऊन तो दिवसातून तीनदा इथं आला होता, बादली उचलून, तिची भिंत तडकू नये म्हणून. आत्याला वाटलं पोरीला रडू येणार. आलंही असावं. पण तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "चांगलं उगवलंय मात्र. बाबांचा हात शेतीला चांगला आहे."

"बाईंना फोन कर," शेठ म्हणाला. त्याचा सूर आता जरा नरमला होता. "उद्या-परवा या म्हणावं. मी करू का? सांगतो, तुला ताप आलाय."

"नको. येऊ देत." ती उठली आणि तिनं एक कोंब धरून ओढला. कोंबाबरोबर सुपारीएवढं मातीचं ढेकूळ हातात आलं. भिंतीला खड्डा पडला.

"अगं, ओढतेस काय!" आत्या ओरडली. "सुटलेला दोरा कधी ओढायचा नसतो, अख्खी शिवण उसवते. कापायचा असतो." पिशवीतून तिनं कात्री काढली. तिचं शिवणाचं दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली होती. लोक आता तयार कपडे घेत, अंगाला होत नसले तरी हसत घालत. शिवणयंत्रावर तिनं चादर घातली होती, पण कात्री घरी ठेवून बाहेर पडायची काही तिला सवय होत नव्हती.

ती भिंतीपाशी स्टुलावर बसली, पातं मातीला अगदी टेकवलं आणि कापलं. कोंब गेला, रंगाला धक्का नाही. दुसरा कापला. तिसरा. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय.

वहिनीनं वखारीच्या टेबलाच्या खणातून आणखी तीन कात्र्या शोधून आणल्या. खारूताईनं खालची बाजू धरली. शेठ जरा वेळ हात बांधून उभा राहिला, मग म्हणाला, "वरपर्यंत हात कुणाचा पोचणार आहे तुमचा?" आणि शिडी ओढून चढला.

"सांभाळून काप रे," खालून खारूताई म्हणाली. "मधूनच भांग पाडशील."

"गप्प बस. मी रोज स्वतःची दाढी करतो."

"म्हणूनच म्हटलं."

दादा एकटाच मोकळा उभा होता. त्याला कुणी बोलावलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. तो भिंतीच्या उघड्या टोकाशी गेला, जिथं तिची जाडी दिसत होती. बोटानं ठोकलं. परत ठोकलं, वेगळ्या ठिकाणी. मग आपल्या जुन्या कपाटापाशी जाऊन तो काहीतरी हुडकत राहिला, आणि आला तेव्हा त्याच्या हातात करवत होती. मोठी नव्हे, हाताची. दातांना तेल लावून कापडात गुंडाळून ठेवलेली.

कात्र्या थांबल्या.

"काय बघताय? तुमचं चालू द्या," तो म्हणाला, आणि त्यानं भिंतीच्या कोपऱ्याला करवत लावली.

पहिल्या दोन बोटांत ती मऊ गेली, आवाज न करता. मग तक्ता लागला आणि करवत कुरकुरली. दादानं हात आवळला. भुसा पडायला लागला, कोरडा, पिवळा, आणि त्याचा वास वखारीत पसरला. लाकडाचा नव्हे, पण वाईटही नव्हे. दादा पाच मिनिटं घामाघूम होऊन कापत होता. अखेर वीटभर आकाराचा कोपरा त्याच्या हातात आला. त्यानं तो उजेडात धरला, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला.

"घट्ट आहे," तो म्हणाला. कुणाकडेही न बघता. त्याच्या तोंडून दगडी सागाबद्दलही याहून जास्त कधी कुणी ऐकलं नव्हतं.

नेमक्या या वेळी दारातून आवाज आला. "मी वीस मिनिटं आधीच आले. चालेल ना?"

ग्रंथपालबाई काटकुळ्या, चष्मेवाल्या आणि नीटनेटक्या होत्या. त्यांनी जे पाहिलं ते असं: शिडीवर एक लठ्ठ गृहस्थ, खाली तीन बायका, सगळ्यांच्या हातात कात्र्या, आणि समोर अर्धी भादरलेली भिंत.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"हजामत," शेठच्या तोंडून निघून गेलं.

बाई हसल्या नाहीत. त्या भिंतीजवळ आल्या, चष्मा वर करून त्यांनी न कापलेल्या भागाकडे पाहिलं आणि बोट टेकवलं. "ओल आहे. पुस्तकांना वाळवीपेक्षा ओलीची भीती जास्त असते, तुम्हाला सांगायला नको. अशी भिंत मी कशी घेऊ?"

शेठ शिडीवरून इतक्या चपळाईनं उतरला की शिडी हलली. गिऱ्हाईक नाही म्हणतंय हे ऐकलं की त्याला दुसरं काही सुचत नसे. आपण कुणाच्या बाजूचे आहोत हेसुद्धा. "मॅडम, एक मिनिट. बाबा, तो तुकडा द्या. हे बघा. वरची दोन बोटं ओली आहेत, मान्य. पण आत बघा! आठ दिवस दिवसातून तीन वेळा आम्ही या भिंतीला पाणी पाजलंय, आणि आतला तक्ता कोरडा ठणठणीत! लॅमिनेटला एवढं पाणी दाखवा, दुसऱ्या दिवशी पुरीसारखं फुगेल. मी विकतो, मला विचारा!"

"म्हणजे तुम्ही मुद्दाम पाणी घालून पाहिलंत?" बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात पहिल्यांदा थोडी उत्सुकता आली.

शेठ बहिणीकडे बघून डोळे मोठे करत होता: हो म्हण, हो म्हण.

आत्याची कात्री हातातच राहिली. एक शब्द पुरेसा होता. तो उच्चारला असता तर कदाचित तिथंच काम झालं असतं.

"मुद्दाम नाही," खारूताई म्हणाली. "चुकून झालं. काड मी नीट चाळलं नव्हतं, त्यात दाणे राहिले. चाळून घेतलं आणि वाळू दिलं की उगवत नाही. पण या वेळी तसं झालं नाही, हे खरं."

"आणि पाणी?"

खारूताई वाकून उरलेला एक कोंब कापू लागली. बापाचं नाव ती घेणार नव्हती. दादानं करवत टेबलावर ठेवली.

"पाणी मी मारलं," तो म्हणाला. "मी हिचा बाप. मिस्तरी म्हणतात मला इथं. लाकडात माझा हात कुणी धरणार नाही, पण या कामातलं मला काही कळत नाही. कळत नाही, तर विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही." तो थांबला. पुढचं वाक्य त्याला ओंडक्यासारखं जड जात होतं, आणि आत्यानं नकळत स्टुलाची कड धरली. "हिला कळतं. हिनं एकटीनं केलेली भिंत असती तर तुम्हाला आज कोरडी मिळाली असती."

खारूताई हातातल्या कात्रीकडे बघत होती, जणू तिच्यावर काहीतरी लिहिलेलं होतं.

बाईंनी तो तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला, वास घेतला. "वास छान आहे," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ मक्याच्या चकत्यांची ओळ बघत राहिल्या. "आज मी हो म्हणणार नाही. मुलांच्या खोलीत तर नाहीच. पण वाचनालयात मागे अडगळीची एक खोली आहे. तिची एक भिंत करा. एक पावसाळा जाऊ दे. त्यानंतर बोलू."

"आणि कोंब आले तर?" खारूताईनं विचारलं.

"तर तुम्ही यायचं आणि कापायचे," बाई म्हणाल्या. "येताना या सगळ्यांना आणा."

त्या गेल्यावर शेठ शिडीच्या पायरीवर बसला. "हो काही म्हणाल्या नाहीत."

"नाहीही म्हणाल्या नाहीत," वहिनी म्हणाली.

"तू तर निम्मी विकून टाकलीस त्यांना, शेठ," खारूताई म्हणाली. "स्वतःच्याच लॅमिनेटला शिव्या घालून."

"सवयीनं झालं गं." त्यानं कान खाजवला. तो बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत होता. "हे तक्ते आठ बाय चारचे निघतील का? लोक तेवढेच मागतात. एखादा दुकानात ठेवून बघू. एखादाच हं."

"ठरलं होतं की पसंत पडली तर वखार हिची, नाही तर तुझी," दादा म्हणाला. "हे दोन्हीत बसत नाही." आणि मग तो आत्याकडे वळला. सकाळपासून प्रत्येकानं तिला काही ना काही सांगितलं होतं. शेजारच्या कुत्र्याला जरी सही करता येत असती तरी त्यालाही त्यांनी असाच चहा पाजला असता. दादानं मात्र विचारलं. "तुला काय करायचंय तुझ्या हिश्शाचं?"

आत्याला भिंतीसमोरचा तो तास आठवला, बोटांना पुन्हा कामाची ओढ लागल्याचा.

"मला कुणालाच द्यायचा नाही," ती म्हणाली.

वहिनीचा चेहरा पडला. शेठ काही म्हणायला गेला.

"मी स्वतः वापरणार आहे. पुढचा निम्मा दादाचा, तिथं शेठनं काय ते रचावं. मागचा निम्मा माझा, आणि तिथं मी खारूताईला ठेवणार. पण एका अटीवर." तिनं भाचीकडे बोट केलं. "तुझं काड आतापासून मी चाळणार. आठवड्यातले सहा दिवस. घरी बसून माझी कंबर वाढतेय, आणि तुझी आई म्हणते मी वाळले. कुणीतरी खोटं ठरायला पाहिजे."

खारूताईनं तिला मिठी मारली आणि आत्याच्या खांद्यावर भाताचं तूस सांडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला आत्या वखारीत हजर झाली. चष्मा, पाट, मोठी चाळण, डोक्याला रुमाल. खारूताईनं कौतुकानं तिला पहिला ढीग दाखवला. खूप लांबून, मोठ्या मिनतवारीनं आणलेला. "यातूनच बाईंच्या अडगळीच्या खोलीची भिंत करायची, आत्या. आजच्या आज चाळून होईल ना?"

आत्यानं एक मूठ उचलली, तळव्यावर पसरली, फुंकर मारली. मग दुसरी. मग ढिगाच्या तळाशी हात घालून तिसरी. तिन्ही वेळा तळव्यावर काडापेक्षा दाणेच जास्त उरले.

"हे परत पाठव."

"परत? आत्या, तो माणूस पहाटे निघून आलाय गं! मी त्याला शब्द दिलाय!"

"मग दुसरा शब्द दे," आत्या म्हणाली. "म्हणावं, आमच्याकडे नवीन बाई आल्यात. फार खवट आहेत."